लांब पल्ल्यासाठी पहिली रोडबाइक: दहाव्या तासाचा विचार करून निवडा

तुमचा प्रश्न आधी एकदा मांडतो, म्हणजे पुढचं सगळं कशाला धरून लिहिलंय ते कळेल. तुमचं वय ३८, उंची १६८ सेंमी, वजन ७८ किलो. दोन वर्षं हायब्रिडवर रविवारी ५०-६० किमी होतात आणि यंदा २०० किमीची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे. समोर दोन सायकली आहेत. पहिली वापरलेली कार्बनची रेसिंग सायकल: साइज ५६, पुढे पॅडलपाशी ५३/३९ दात्यांच्या दोन चेनरिंग, मागच्या चाकाला ११ ते २५ दात्यांच्या चक्रांची कॅसेट, रिम ब्रेक, वजन ८ किलोच्या आसपास. दुसरी नवी कोरी ॲल्युमिनियमची एंड्युरन्स (लांब पल्ल्याला आरामाची) सायकल: साइज ५२, सोरा ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच), पुढे ५०/३४, मागे ११-३४, डिस्क ब्रेक, वजन सव्वादहा किलो. दोन्ही साधारण तेवढ्याच पैशांत मिळतायत. बरोबरचे सगळे जण कार्बनच्या बाजूने आहेत आणि लिहिण्यावरून वाटतं, तुमचंही मन तिकडेच ओढतंय.

ॲल्युमिनियमची घ्या. का ते सविस्तर सांगतो.

चौदा वर्षं मी लांब पल्ल्याची सायकल चालवतोय, २०० पासून १००० पर्यंतच्या ब्रेवे केल्या आहेत, आणि नव्या लोकांबरोबर सायकल बघायला बऱ्याचदा गेलोय. त्यातून एक सवय लागली. सायकल समोर आली की मी मनात दोन याद्या करतो: घेतल्यावर काय बदलता येईल, आणि काय कधीच बदलता येणार नाही. सीट, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा आखूड दांडा), टायर, हँडलबारची टेप, पॅडल, बऱ्याचदा कॅसेटसुद्धा, या गोष्टी सवडीने बदलता येतात. फ्रेमची साइज, तिची ठेवण, टायरला किती जागा आहे, ब्रेक कुठल्या जातीचे, मडगार्ड अडकवायला भोकं आहेत की नाहीत, हे पैसे दिले त्या दिवशी कायमचं ठरून जातं. दुकानात मात्र चर्चा नेमकी उलटी चालते. ग्रुपसेट कुठला, चाकं किती हलकी, रंग कुठला, यातच तास जातो आणि फ्रेमची साइज शेवटच्या दोन मिनिटांत उरकली जाते.

२०० च्या ब्रेवेत नेमकं काय लागतं ते आधी बघू. जगभरच्या ब्रेवे ज्या नियमांवर चालतात ते ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या १९०४ साली सुरू झालेल्या फ्रेंच क्लबचे. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. म्हणजे सरासरी ताशी १५ किमी, आणि त्यातच खाणंपिणं, पंक्चर, कंट्रोलवरचे, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्यांवरचे, शिक्के सगळं आलं. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा क्रमांक काढत नाहीत. तुम्ही ६० किमी करून घरी धडधाकट येता, म्हणजे पायांचा प्रश्न नाही. २०० ला माणूस पायांमुळे फार क्वचित सोडतो. मान आखडते, तळहात बधिर होतात, बसायची जागा सोलवटते, कंबर धरते, म्हणून सोडतो. दहाव्या तासाला हे होऊ नये याची तजवीज सायकल निवडतानाच करावी लागते.

यातलं मी अंगावर काढून शिकलोय. माझी पहिली रोडबाइक एक साइज मोठी होती. दुकानात माझ्या मापाची नव्हती, आणि "स्टेम बदलून देतो, काम होऊन जाईल" असं सांगण्यात आलं. ११० मिमीचा स्टेम काढून ८० चा बसवला. ५०-६० किमीपर्यंत काही जाणवायचं नाही, म्हणून मीही समाधानी होतो. मग ३०० ची ब्रेवे केली. १९० किमीच्या सुमाराला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही हातांची, झोपी गेली. हँडलबारवर टेकलेल्या तळहाताच्या बाहेरच्या कडेने अल्नर नावाची नस जाते, तिच्यावर तासन्‌तास भार पडला की असं होतं. रात्री मोठ्या चेनरिंगवर जायचं तर डावा लिव्हर आत ढकलावा लागतो, तेवढाही जोर बोटांत उरला नव्हता. एकदा-दोनदा उजवा हात पलीकडे नेऊन गिअर टाकला, मग तो नाद सोडला आणि शेवटचे शंभरएक किमी लहान चेनरिंगवरच काढले. ब्रेवे वेळेत पूर्ण झाली. पण पुढे आठवडाभर शर्टाची बटणं लावताना, कुलपात किल्ली फिरवताना दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागत होती. पायांनी सगळं नीट केलं होतं. सायकल अंगाला मोठी होती, एवढंच.

म्हणून साइजबद्दल जरा जास्त लिहितो. ५२, ५४, ५६ हे आकडे फारसे विश्वासाचे नाहीत. एका कंपनीची ५२ आणि दुसरीची ५४ प्रत्यक्षात सारखी निघू शकते. खरं बघायचं ते स्टॅक आणि रीच, कंपनीच्या तक्त्यात दोन्ही दिलेले असतात. पॅडलचे क्रँक ज्या धुरीवर फिरतात तिच्या मध्यापासून हेडट्यूबच्या (फ्रेमची अगदी पुढची, हँडलखालची नळी) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. सोप्या भाषेत, स्टॅक सांगतो हँडल किती उंच येईल आणि रीच सांगतो किती पुढे वाकावं लागेल.

तुम्ही पाठवलेले आकडे असे: कार्बनच्या सायकलचा स्टॅक ५६५, रीच ३९२. ॲल्युमिनियमचा स्टॅक ५५५, रीच ३७२. वरवर वाटतं कार्बनची जास्त उंच आहे, म्हणजे जास्त आरामाची. तसं नाही. हेडट्यूब मागे कललेली असते, त्यामुळे स्टेमखाली चकत्या घालून हँडल १० मिमी वर घेतलं की ते साधारण ३ मिमी मागेही येतं. दुसऱ्या सायकलला १० मिमीच्या चकत्या घातल्या तर तिचा स्टॅक ५६५ आणि रीच ३६९ धरता येईल. आता तुलना सरळ झाली: हँडल सारख्याच उंचीवर ठेवलं तर कार्बनच्या सायकलवर तुम्हाला २३ मिमी जास्त पुढे पसरून बसावं लागेल. हा फरक छोटा नाही. स्टेम साधारण दहा-दहा मिमीच्या टप्प्याने मिळतात, म्हणजे दोन पायऱ्यांहून जास्त. त्यातून रेसिंग सायकलचं हँडल मुळातच लांब आणि खोल असेल तर अंतर आणखी वाढतं. स्टेम खूप आखूड करून ते भरून काढता येतं, पण मग पुढचं चाक चटकन वळायला लागतं. ताज्या अंगाने त्याचं काही वाटत नाही, पण रात्री, थकलेल्या हातांनी, उतारावर ते नको वाटतं.

घरच्या घरी दोन मापं काढा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटसारखं वर घट्ट दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. हा तुमचा इनसीम. समजा ७८ सेंमी आला. त्याला ०.८८३ ने गुणलं की ६८.९ सेंमी येतात. क्रँकच्या धुरीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटट्यूबच्या रेषेत, एवढी उंची सुरुवातीला ठेवायची. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँड यांच्यामुळे हे सूत्र सगळीकडे पोचलं. सुरुवात करायला चांगलं आहे, पण शेवटचा शब्द नव्हे. पॅडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा, साधारण २५ ते ३५ अंश. कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर सीट जास्त उंच आहे. ते स्वतःला जाणवत नाही, मागून कोणाला तरी चालत्या सायकलीचा व्हिडिओ काढायला सांगा.

दुसरं माप बसायच्या हाडांचं. कडक स्टुलावर पन्हाळीचा पुठ्ठा ठेवा, त्यावर बसा, जरा पुढे वाका आणि टाचा उचला, म्हणजे गुडघे वर येतील आणि भार नीट पडेल. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्या. सीट त्याहून दोन-अडीच सेंमी रुंद हवी. सायकलबरोबर आलेली सीट बहुधा नंतर बदलाल, आणि तेव्हा हा आकडा कामाला येईल. जाड गादीची सीट मात्र घेऊ नका. अर्ध्या तासाला ती छान वाटते, चार तासांनी हाडं गादीत रुततात आणि मधल्या मऊ भागावर दाब येतो, तिथल्या नसा दबतात. टणक, योग्य रुंदीची सीट आणि चांगली पॅडिंगची चड्डी, लांब पल्ल्याला हीच जोडी टिकते.

आता गिअर. तुमच्या दोन सायकलींतला सगळ्यात मोठा फरक मला इथे दिसतो, आणि याबद्दल कोणीच तुम्हाला काही बोललेलं नाही. कार्बनच्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढे ३९, मागे २५ दाते. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ३.३ मीटर पुढे जाते. ॲल्युमिनियमचा सगळ्यात हलका गिअर पुढे ३४, मागे ३४, म्हणजे एकास एक. एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर. आता ८ टक्क्यांचा चढ घ्या. तुम्ही, सायकल, पाणी, सामान मिळून ९३ किलो धरू. मिनिटाला ६० फेरे, याच्या खाली गेलं की गुडघ्यांवर ताण यायला लागतो. पहिल्या सायकलवर ६० फेरे राखायचे तर ताशी १२ किमीच्या जवळपास जावं लागेल आणि त्याला अडीचशेहून जास्त वॉट लागतील. दुसऱ्या सायकलवर तेवढेच फेरे राखून ताशी पावणेआठ किमीने चढता येतं, १७० वॉटच्या आसपास. अडीचशे वॉट बरेच जण पाच-दहा मिनिटं देऊ शकतात. १४० किमी झाल्यावर, पाऊण तासाच्या चढावर, आपल्यासारख्या हौशी माणसाला ते झेपत नाही. मग फेरे ४०-४५ वर येतात, माणूस उभा राहून पॅडल दाबायला लागतो, आणि गुडघ्याची वाटी दुखायला लागते. गुडघेदुखी हातांच्या बधिरपणासारखी आठवड्यात जात नाही. ती पुढचे तीन महिने खाते.

हलका गिअर वापरणं म्हणजे कमीपणा, ही समजूत फार जुनी आहे. टूर द फ्रान्समध्ये डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) वापरायला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती, आणि त्याच काळात सेंत-एतियेनचा पॉल द व्हिवी, ज्याला लोक व्हेलोसिओ म्हणत, पर्यटनासाठी सायकल चालवणाऱ्यांनी अनेक गिअर वापरावेत म्हणून वर्षानुवर्षं लिहीत होता. आज शर्यतीतले लोकही डोंगरात ३० च्या वरचे दाते मागे लावतात. तुम्ही तर ३४ ला ३४ निःसंकोच लावा. कार्बनच्या सायकलवर मागची कॅसेट बदलून काम भागेल असं कोणी म्हणालं तर मागच्या डिरेलरची कमाल क्षमता विचारा. अशा जुन्या रेसिंग सायकलींच्या आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरवर २८ दात्यांपर्यंत जाता येतं, पुढे नाही. मग क्रँक बदला, डिरेलर बदला, आणि स्वस्तात मिळालेली सायकल स्वस्त राहत नाही.

टायरबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण लांब पल्ल्याचा आराम सगळ्यात जास्त टायर देतो. फ्रेम कार्बनची असो की ॲल्युमिनियमची, हादरा आधी टायरच पितो. रोडबाइकच्या चाकाची रिम ६२२ मिमीची, ७०० सी म्हणून ओळखली जाते ती. त्यावर टायर किती रुंद बसेल हे फ्रेम, पुढचं चाक धरणारा फोर्क आणि ब्रेक ठरवतात. जुन्या रेसिंग सायकलींत २५ मिमी बसतो, नशीब असेल तर २८ घासत-घासत. तुमच्या ॲल्युमिनियमच्या सायकलला ३२ बसेल असं तक्त्यात लिहिलंय. २५ च्या जागी ३२ घेतला की आतल्या हवेचं आकारमान दीडपटीहून जास्त होतं. हवा जास्त म्हणून दाब कमी ठेवता येतो, दाब कमी म्हणून खडबडीत रस्त्यावरची बारीक थरथर तळहातांपर्यंत येत नाही. टणक फुगवलेला बारीक टायर वेगवान वाटतो खरा, पण त्या थरथरीत तुमचीच शक्ती वाया जाते. बारीक टायर म्हणजे वेग, हे मी पहिली चार वर्षं धरून बसलो होतो. २३ वरून २८ वर गेलो तेव्हा वेळ वाढला नाही, आणि दुसऱ्या दिवशी खांदे दुखायचे थांबले.

तुमच्या वजनाला ३२ च्या टायरमध्ये पुढे ५० आणि मागे ५५-६० पीएसआय इथून सुरुवात करा. २८ असेल तर ६५ आणि ७२ च्या आसपास. टायरवर आणि रिमवर कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. घरी गेज असलेला उभा पंप हवाच. अंगठ्याने दाबून दाब कळत नाही, ३२ च्या टायरमध्ये ५० आणि ८० दोन्ही बोटाला सारखेच लागतात.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किमीची, आता दर चार वर्षांनी होणारी आणि ९० तासांची मुदत असलेली राइड १८९१ साली पहिल्यांदा झाली. तेव्हा ती शर्यत होती. शार्ल तेराँ ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकला, आणि त्याच्या सायकलला मिशलँचे हवेचे टायर होते, रिमवरून सहज काढता येणारे. हवेच्या टायरांचा तो सुरुवातीचा काळ. लांब पल्ल्याला टायर किती महत्त्वाचा हे तेव्हापासून माहीत आहे, तरी आपण सायकल घेताना टायर सगळ्यात शेवटी बघतो.

टायरची जागा नुसत्या आकड्यावर सोडू नका. सायकल उलटी करा आणि बघा: टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये मागे खाली, क्रँकच्या पाठीमागे, आणि पुढे फोर्कच्या कमानीखाली पुरेशी फट आहे का. चिखल अडकतो तो तिथेच. मडगार्ड लावणार असाल तर आणखी जागा लागते. तुमच्या सायकलला मागे भोकं आहेत असं फोटोत दिसतंय, फोर्कच्या टोकांना आहेत का ते जाऊन बघा. पावसात दहा तास मागच्या चाकाचं पाणी कमरेवर आणि सीटवर उडत राहिलं तर सोलवटायला वेळ लागत नाही.

कार्बन आणि वजन. कार्बनचं मला वावडं नाही, माझी आत्ताची सायकल कार्बनचीच आहे. पण वजनाचा फायदा नेमका किती ते बघा. दोन सायकलींत सव्वादोन किलोचा फरक आहे. चढावर तुम्ही एकूण ९३ किलो वर नेताय, त्यातले सव्वादोन म्हणजे अडीच टक्क्यांच्या आत. एक तासाच्या चढाला जेमतेम दीड मिनिट. सपाटीवर फरक कळणारही नाही, तिथे सगळी शक्ती हवा कापण्यात जाते आणि हवेला अडवणारं मुख्य अंग म्हणजे तुमचं शरीर. एका थांब्यावर दहा मिनिटं कमी बसलात तर दिवसभराची भरपाई होते. कार्बनची फ्रेम थरथर जरा कमी करते, हे खरं आहे. पण ३२ चा टायर त्याच्या किती तरी पुढे जातो. स्टीलची सायकल मिळत असती तर तीही मी सुचवली असती, जड असते पण सामान घेऊन चालायला शांत. तुमच्या निवडीत ती नाही, म्हणून सोडतो.

ब्रेकबद्दल थोडक्यात. कोरड्या रस्त्यावर चांगले रिम ब्रेक पुरेसे आहेत. ओल्या लांब उतारावर डिस्कचा भरवसा जास्त, आणि रिम झिजत नाही. तुमच्या सायकलला केबलने चालणारे डिस्क ब्रेक आहेत, हायड्रॉलिक नाहीत, म्हणून नाराज होऊ नका. हायड्रॉलिकला बोटांचा जोर कमी लागतो हे खरं, पण केबलचे ब्रेक एका ॲलन कीने रस्त्यावर जुळवता येतात. पॅड झिजले की लिव्हर जास्त आत यायला लागतो, तेव्हा पॅड डिस्कच्या जवळ आणायचे. ते शिकून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

ग्रुपसेटवर सगळ्यात जास्त वाद होतात आणि लांब पल्ल्याला त्याचा फरक सगळ्यात कमी. शिमानोचा क्लॅरिस म्हणजे मागे ८ गिअर, सोरा ९, टियाग्रा १०, १०५ म्हणजे ११ किंवा १२. वरच्या गटात गिअर जास्त मऊ पडतात आणि दोन गिअरमधली झेप लहान असते, म्हणून पायांची लय कमी मोडते. एवढंच. ९ गिअरची साखळी आणि कॅसेट स्वस्त असते आणि सहज मिळते, वर्षाला पाच-सहा हजार किमी केले की हे जाणवतं. सोरावर मी १००० किमी केलेली माणसं ओळखतो.

त्यापेक्षा चाकांकडे बघा. तारा किती आहेत ते मोजा. तुमच्या वजनाला आणि वर पिशव्या लागल्यावर २८ किंवा ३२ तारांचं चाक चांगलं. १८-२० तारांच्या चाकाची एक तार तुटली की चाक इतकं वाकडं होतं की फ्रेमला घासतं आणि राइड तिथेच संपते. ३२ तारांच्या चाकाची एक तुटली तर शेजारच्या तारा सैल-घट्ट करून पुढे जाता येतं. आणि सायकल घेतानाच डिरेलर हँगरचा एक जादा तुकडा मागून घ्या. मागचा डिरेलर ज्यावर लटकतो तो हा मऊ धातूचा तुकडा. सायकल उजव्या बाजूला पडली की फ्रेम वाचावी म्हणून हा वाकतो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि हवा तेव्हा हमखास मिळत नाही. माझा सीटखालच्या पिशवीत कायम असतो.

पॅडलला घाई नको. सपाट पॅडल आणि टणक तळव्याचा बूट यांवर २०० आरामात होते. क्लिपचे घ्यायचेच झाले तर दोन स्क्रूचे एसपीडी घ्या, त्यांची पट्टी बुटाच्या तळव्यात आत बसते, कंट्रोलवर उतरून नीट चालता येतं.

कार्बनचीच घ्यावी असं अजूनही वाटत असेल तर माझी एवढी विनंती: ५६ घेऊ नका, तुमच्या मापाची शोधा. आणि वापरलेली कुठलीही कार्बन फ्रेम घेण्याआधी सीटपोस्ट आणि स्टेम काढून बघायला मागा. सीटपोस्ट निघत नसेल तर तो आत चिकटलाय, व्यवहार तिथेच थांबवा. स्टेम जिथे आवळतो तिथे फोर्कच्या नळीवर चीर आहे का, खालच्या नळीवर रंगाखाली फुगवटा किंवा तिरकी रेघ आहे का, हे उजेडात नीट बघा. नाण्याने हलकेच ठोकत जा, एखाद्या जागी आवाज एकदम बोदा आला तर ती जागा संशयाची. रिम ब्रेकच्या चाकाची कड बोटाने तपासा. आत खोलगट लागली तर रिम संपत आलीय.

ॲल्युमिनियमची ट्राय करायला जाल तेव्हा पाच मिनिटांची चक्कर मारून परत येऊ नका. निदान अर्धा-पाऊण तास मागा, तुमची नेहमीची चड्डी आणि बूट घालून जा, आणि सीटची उंची घरून मोजून नेलेल्या आकड्यावर लावून घ्या. हात ब्रेकच्या हुडवर, म्हणजे लिव्हरच्या वरच्या रबरी भागावर, ठेवा. कोपरं किंचित वाकलेली राहतात का बघा. सरळ आणि ताठ झाली तर हँडल दूर आहे. चालत्या सायकलीवर, मोकळ्या रस्त्यात, हुडवर पेटी वाजवल्यासारखी सगळी बोटं हलवून बघा. सहज हलली तर भार सीटवर आणि पायांवर आहे. बोटं हलवताना पुढे पडल्यासारखं वाटलं तर भार हातांवर येतोय, आणि तोच भार दहाव्या तासाला करंगळीपर्यंत पोचतो. मग हातांची जागा बदलून बघा: हुड, वरची सरळ दांडी, खालचा बाक. तिन्ही ठिकाणी दोन-दोन मिनिटं राहता आलं पाहिजे. खालच्या बाकात बसून ब्रेकचा लिव्हर बोटांत नीट येतो का, हेही तिथेच बघा. लहान हातांसाठी लिव्हर जवळ आणता येतो, दुकानदाराला करून द्यायला सांगा.

घेतल्यावर लगेच काही बदलू नका. पहिले दोन आठवडे ४०-५० किमीच्या राइड करा, मग ८०, मग १२०. दर वेळी एकच गोष्ट बदला, आणि तीही थोडी. सीट वर किंवा खाली ३ मिमी, पुढे किंवा मागे ५ मिमी. एकदम दोन गोष्टी हलवल्या तर दुखणं कशाने गेलं ते कळत नाही. वाचलेले पैसे आधी टायर, सीट आणि चांगल्या दिव्यांवर खर्च करा. २०० हिवाळ्यात असेल तर शेवटचे तास अंधारात जातील, आणि ब्रेवेत रात्री पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं असतं.

पहिल्या दोनएकशे किमीनंतर सायकल दुकानात परत न्या. नव्या केबल ताणल्या जातात, गिअर नीट पडेनासे होतात, तारा बसतात. ते सगळं एकदा जुळवून घ्यावं लागतं. आणि सीटची उंची मनासारखी झाली की सीटपोस्ट फ्रेममध्ये शिरतो तिथे काळ्या इन्सुलेशन टेपची एक बारीक पट्टी गुंडाळून खूण करा. सायकल कुठे न्यायला सीटपोस्ट काढावा लागला, तर ब्रेवेच्या पहाटे अंधारातही तो बरोबर त्याच उंचीला बसवता येईल.